तलवार म्यान करायचं बटण

'प्रिन्स' खेळताना कॉम्प्युटरसमोर एकच खुर्ची असायची आणि ती दादाची होती. मी बाजूला स्टुलावर. अख्ख्या कीबोर्डवरचं एकच बटण माझ्या वाट्याला आलेलं, स्पेस बार. तो दाबला की स्क्रीनच्या तळाशी किती मिनिटं उरलीत ते दिसायचं. दादा स्क्रीनवरची नजर न काढता विचारायचा, "टाइम?" मी स्पेस दाबायचो आणि आकडा मोठ्याने वाचायचो.

साल २००६, गाव सांगली. दादा अकरावी सायन्सला गेल्यावर पप्पांनी कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर आणला होता, 'अभ्यासासाठी'. आधीच्या मालकाने विसरलेल्या एका फोल्डरमध्ये हा गेम होता. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हे पूर्ण नाव आम्ही कधी घेतलं नाही. मी नऊ वर्षांचा होतो. दादाचा जन्म १९८९चा आणि गेमही १९८९चा, हे मला फार नंतर कळलं.

मराठीत व्हिडिओ गेमवर जे थोडंफार लिहिलं जातं, ते बहुतेक इथेच थांबतं. कॅसेट फुंकून लावायची, मारिओ, काँट्रा, मे महिन्याची सुट्टी, काय दिवस होते यार. असे लेख मीही आवडीने वाचतो, फॉरवर्डही करतो. पण पुस्तकाला किंवा सिनेमाला आपण एवढ्यावर सोडत नाही. लहानपणी आवडलं होतं, ठीक. पण ते केलंय कसं, म्हणतंय काय, हेही विचारतो. गेल्या वर्षी मी 'प्रिन्स' पुन्हा खेळलो, या वेळी शेवटपर्यंत. हा खरोखर मोठा गेम आहे, आणि त्याचं मोठेपण जिथे आहे ती जागा आम्हाला लहानपणी दिसलीच नव्हती, असं माझं मत झालंय. त्यासोबत दादाबद्दलही एक गोष्ट सांगावी लागणार आहे. ती टाळून हा लेख लिहून बघितला, जमला नाही.

वजन असलेला माणूस

गेम बनवणाऱ्याचं नाव जॉर्डन मेकनर. येल विद्यापीठात शिकतानाच त्याने 'कराटेका' हा गेम केला होता, तो १९८४ साली आला. त्यानंतर 'प्रिन्स'. गोष्ट अगदी साधी. राजा मोहिमेवर गेलाय, वजीर जाफरने सत्ता बळकावलीय, राजकन्येला एक तासाची मुदत दिलीय, लग्न कर नाहीतर मर. आपण तळघरातल्या कोठडीत, हातात काही नाही. बारा लेव्हल चढून वर जायचं.

पण पहिल्यांदा खेळणाऱ्याला गोष्ट नाही, चाल दिसते. प्रिन्स पळायला लागताना आधी एक पाऊल टाकून वेग घेतो. थांबताना घसरतो. कड्याला लोंबकळतो तेव्हा पाय हलतात, वर चढताना कोपरावर जोर येतो. मेकनरने १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका पार्किंगच्या जागेत पळायला, उड्या मारायला लावलं आणि त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं. मग एकेक फ्रेम घेऊन त्यावरून चित्रं काढली. या पद्धतीला रोटोस्कोपिंग म्हणतात. तलवारबाजीच्या हालचाली १९३८च्या 'रॉबिन हूड' सिनेमातल्या द्वंद्वावरून घेतल्या. संगीत वडिलांनी दिलं, फ्रान्सिस मेकनर यांनी; ते पेशाने मानसशास्त्रज्ञ. म्हणजे हा गेम घरातच झालाय. अंग भावाचं, सूर वडिलांचे.

हे नुसतं 'ग्राफिक्स भारी' प्रकरण नाही. मारिओ बटण दाबल्याक्षणी ऐकतो, हवेत असतानाही वळवता येतो. मारिओ म्हणजे तुमचं बोटच. प्रिन्स तसा ऐकत नाही. तुम्ही बटण दाबता आणि तो त्याच्या शरीराला जमेल तेव्हा उडी मारतो. आज आमच्या ऑफिसात असा गेम दाखवला तर टेस्टर पहिला बग हाच टाकेल, कंट्रोल उशिरा चालतात. पण या उशिरामुळेच स्क्रीनवरच्या ठिपक्यांच्या छोट्याशा माणसाला वजन येतं. उडी मारायच्या आधी विचार करावा लागतो, कारण एकदा मारली की ती परत घेता येत नाही. तो खाली सुळ्यांवर पडला की खेळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. दादा प्रत्येक वेळी "आई गं" म्हणायचा. मारिओ मेल्यावर तो कधीच असं म्हणाला नाही.

साठ मिनिटं

दुसरी गोष्ट वेळेची. काँट्रात तीन लाइफ असतात, संपल्या की खेळ खल्लास. 'प्रिन्स'मध्ये लाइफची मोजदादच नाही. हवं तितक्या वेळा मरा. मेलात की त्या लेव्हलच्या सुरुवातीला येता, पण घड्याळ मागे येत नाही. मरण फुकट आहे, मरण्यात गेलेला वेळ फुकट नाही. गेम सेव्ह करता येतो, पण उरलेली मिनिटंही त्यासोबत सेव्ह होतात. म्हणजे वाईट खेळून सेव्ह केलंत तर तुमचा वाईट खेळही जपून ठेवला जातो.

बारावीच्या वर्षात असलेल्या मुलाने रात्री दोन वाजता हा गेम खेळत बसणं, यात काय आहे ते तेव्हा मला कळायचं कारण नव्हतं.

आमची मजल आठव्या लेव्हलपर्यंत होती. तिथे एका जागी दरवाजा बंद होतो आणि तुम्ही अडकता. ना पुढे जाता येत, ना मागे. दादा भिंतींवर आपटायचा, फरश्या उकरल्यासारख्या तपासायचा, "टाइम?" विचारायचा आणि मग वैतागून लेव्हल पुन्हा सुरू करायचा. आमच्या कॉपीत काहीतरी बिघडलंय, यावर आमचं एकमत होतं.

बिघडलेलं काही नव्हतं. तिथे काहीच करायचं नसतं. थोडा वेळ गप्प उभं राहिलं की राजकन्येने पाठवलेला एक पांढरा उंदीर येतो, कळ दाबतो आणि दार उघडतं. बस. घड्याळाने घाबरवून सोडलेल्या माणसाला या गेमने एकदा तरी थांबायला सांगितलंय, आणि नेमकं तेच आम्हाला जमलं नाही.

या उंदरामुळे गेमवरचा एक आक्षेप थोडा सौम्य होतो. राजकन्या पूर्ण खेळभर खोलीत बसून वाळूच्या घड्याळाकडे बघते, तिला दुसरं काम नाही, ही तक्रार रास्तच आहे. पण हा एक उंदीर तिचा आहे आणि तो नसता तर नायक तिथेच संपला असता. दुसरा आक्षेप 'पर्शिया'वर. हा इराण नाही, हॉलिवूडच्या अरेबियन नाइट्सछाप सिनेमांतला राजवाडा आहे, तेही खरं. सांगलीत बसून आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. दादा त्याला 'भुयार' म्हणायचा आणि पहारेकऱ्यांना 'शिपाई'. इराणी मुलांना तो कसा दिसला असेल, हा प्रश्न मात्र मला आता पडतो. याच मालिकेतल्या २०२४च्या 'द लॉस्ट क्राउन'मध्ये फारसी आवाजाचा पर्याय दिलाय. तो यायला पस्तीस वर्षं लागली.

मेगाहिट

दादाच्या वर्गातल्या कुणीतरी एक शब्द सांगितला होता. गेम सुरू करताना नावापुढे 'मेगाहिट' टाइप केलं की चीट चालू. मग शिफ्ट आणि एल दाबलं की पुढची लेव्हल.

एका दुपारी आम्ही ते केलं. आठ, नऊ, दहा, अकरा, बारा, प्रत्येक लेव्हलचं पहिलं दृश्य डोळ्यांसमोरून गेलं आणि मिनिटभरात राजकन्या प्रिन्सच्या गळ्यात. आम्ही दोघं गप्प. दादा म्हणाला, "हे आपण बघितलंच नाय असं समज." त्यानंतर त्याने तो शब्द कधी टाइप केला नाही.

नॉस्टॅल्जियाच्या लेखांचं माझं दुखणं हेच आहे. तेही शिफ्ट-एलच असतं. मधलं सगळं ओलांडून थेट गळाभेट.

मेमरी पुरली नाही म्हणून

आता ती जागा, जी आम्ही शिफ्ट-एलने ओलांडली.

मेकनरला सुरुवातीला मारामारी नको होती. सापळे, उड्या आणि घड्याळ एवढंच. पण गेम रंगेना. त्याची सहकारी आणि मैत्रीण टॉमी पिअर्स सतत म्हणत होती की यात लढाई हवी. अडचण अशी की ॲपल टू या कॉम्प्युटरची मेमरी भरलेली. प्रिन्सच्या एकेका हालचालीच्या इतक्या फ्रेम होत्या की दुसरं पात्र ठेवायला जागा उरली नव्हती.

उपाय निघाला तो कुठल्याही प्रोग्रॅमरला आवडेल असा. नवीन चित्रं नकोतच. प्रिन्सचंच चित्र घ्यायचं, एका पिक्सेलने सरकवायचं आणि मूळ चित्राशी 'एक्स-ऑर' करायचं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात आपण हे गेट पाठ करतो: दोन्ही बाजू सारख्या असतील तर शून्य, वेगळ्या असतील तर एक. म्हणजे चित्र जिथे स्वतःशी जुळतं तिथे ते पुसलं जातं आणि जिथे जुळत नाही तेवढंच उरतं. उरते एक चमकणारी कडा. हीच सावली, गेममधलं सगळ्यात मोठं पात्र, आणि तिच्यासाठी एकही नवीन चित्र काढावं लागलं नाही.

चौथ्या लेव्हलला बाहेर पडायच्या वाटेवर अचानक आरसा उभा राहतो. त्यातून पळत जाऊन उडी मारावी लागते. आरशातून तुम्ही एका बाजूला पडता आणि दुसऱ्या बाजूने तुमची सावली उडी मारून निघून जाते. तुमच्या ताकदीचा एकच त्रिकोण शिल्लक राहतो. पाचव्या लेव्हलला तुम्हाला औषधाची बाटली दिसते. तुम्ही पोचायच्या आत सावली येते आणि ती पिऊन टाकते. सहाव्याला तुम्ही दरीवरून उडी घेता आणि सावली समोरचं दार पाडते. तुम्ही खाली कोसळता. गंमत म्हणजे ते कोसळणं हाच सातव्या लेव्हलचा रस्ता आहे.

बाटली पळवली की दादा ओरडायचा, "चोर साला!" मी खदाखदा हसायचो. मला सावली आवडायची.

एका संध्याकाळी मी दादाकडे एकदा, फक्त एकदा, खेळायला मागितलं. त्याने खुर्ची दिली नाही. रात्री जेवताना पप्पांनी सहज विचारलं, "दादा रात्री अभ्यास करतोय का रे?" दादा तेव्हा क्लासला गेलेला. मी सांगितलं. किती वाजेपर्यंत, कुठला गेम, कितवी लेव्हल, दारावर लक्ष कोण ठेवतं, सगळं. कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. मी आपण होऊन सांगितलं, आणि सांगताना मला बरं वाटलं.

पप्पांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. त्यांनी कीबोर्ड काढला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. बारावीची परीक्षा त्यानंतर चार महिन्यांनी झाली. मार्क कमी पडले. ते गेममुळे पडले, की कीबोर्ड गेल्यावर दादाचा त्या खोलीशी आणि पप्पांशी जो अबोला झाला त्यामुळे, हे मला ठरवता येत नाही. घरात मात्र 'गेममुळे' असं ठरलं. दादा पुढे बी.कॉम. झाला. आज तो मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब बघतो. सुखी आहे. त्याच कॉम्प्युटरवर पुढे मी अभ्यास केला. इंजिनिअर मी झालो.

बाटली कुणी प्यायली हे इतकं सरळ नसतं, मला माहीत आहे. एका गेमने आणि एका चहाडीने आयुष्यं ठरत नाहीत. पण गेल्या वर्षी पाचव्या लेव्हलला सावली आली तेव्हा मला हसू आलं नाही.

खाली जाणारा बाण

बारावी लेव्हल. वर चढत गेलं की एका जागी सावली समोर उभी राहते. तलवार काढते. तुम्हीही काढता, कारण अकरा लेव्हल बोटांनी हेच गिरवलंय: समोर कुणी आलं की काढ तलवार. तुम्ही वार करता, तो बसतो, आणि तुमचाच त्रिकोण कमी होतो. आणखी एक वार, आणखी एक त्रिकोण. जिंकलात की मेलात.

मला उत्तर माहीत होतं. यूट्यूबवर कधीच पाहिलं होतं. खाली जाणारा बाण दाबायचा, तलवार म्यान होते. सावलीही आपली तलवार म्यान करते. मग सरळ तिच्याकडे चालत जायचं. दोघं एक होतात. पुढे दरी असते, जिथे फरशी नाही. पळत सुटायचं, आणि पायांखाली एकेक फरशी उमटत जाते.

माहीत असूनही मी तीनदा मेलो. डोकं सांगत होतं म्यान कर, बोट वार करत होतं. हीच या गेमची कमाल आहे असं मला वाटतं. तो कुठलाही संवाद म्हणत नाही, उपदेश करत नाही, स्क्रीनवर सूचना येत नाही. आधी अकरा लेव्हल तो तुमच्या बोटांना एक सवय लावतो, आणि मग फक्त एका जागी ती सवय मोडायला लावतो. कादंबरीत हे वाचलं असतं तर 'हो, बरोबर आहे' म्हणून पान उलटलं असतं. इथे मान्य करणं पुरत नाही. बोटाला करावं लागतं. ते बटण पहिल्या लेव्हलपासून तिथेच असतं, आणि त्याची गरज पडेपर्यंत तुम्ही ते विसरलेले असता.

आणि हे सगळं मेमरी कमी पडली म्हणून झालं. जागा असती तर मेकनरने दुसरा एखादा शत्रू काढला असता, आणि आपण त्याला मारून पुढे गेलो असतो.

चौदा वर्षांनी, २००३ साली, 'द सँड्स ऑफ टाइम' आला. त्याची पटकथा मेकनरचीच. त्यात पहिल्या गेमचा नियम उलटा केलाय. हातात एक खंजीर आहे, चुकलं की वेळ काही सेकंद मागे नेता येतो. खेळायला तो कितीतरी सुखाचा आहे. पण त्याचा शेवट बघा. प्रिन्स सगळी गोष्टच मागे नेतो, अनर्थ घडण्याआधीपर्यंत. सगळे वाचतात. फक्त फराह, म्हणजे भारतातल्या महाराजाची ती मुलगी, जी पूर्ण प्रवासात त्याच्यासोबत होती, तिला आता यातलं काही आठवत नाही. तो तिला सगळं सांगतो आणि तिला ते खरं वाटत नाही. पुसून टाकण्याची किंमत अशी, की आठवण एकट्याने वागवायची. दोन्ही गेम चांगले आहेत. पण मला विचाराल तर पहिला जास्त धीट. तो काही पुसू देत नाही.

'प्रिन्स'चा मूळ सोर्स कोड बरीच वर्षं हरवलेला होता. २०१२ साली तो सापडला, मेकनरच्या वडिलांच्या घरातल्या कपाटात, जुन्या डिस्कच्या खोक्यात. जाणकारांनी त्या डिस्क वाचल्या आणि मेकनरने कोड गिटहबवर सगळ्यांसाठी ठेवला. मी तो चाळलाय. असेंब्ली भाषा, ओळीन् ओळ काटकसर. वाचताना मला आमचं कपाट आठवत होतं. त्यातला कीबोर्ड पुढे कुणाला दिला, हे आमच्या घरात कुणालाच आठवत नाही.

गेम संपवला त्या रविवारी मी पुण्याहून दादाला फोन केला. उंदराचं सांगितलं. तो म्हणाला, "च्यायला. नुसतं थांबायचं होतं?" मग सावलीचं सांगितलं, म्यान करायचं बटण सांगितलं. मग म्हटलं, "दादा, तेव्हा पप्पांना मीच सांगितलेलं."

"माहितीय की," तो म्हणाला. "त्याच रात्री बोलले पप्पा मला. 'धाकट्याला कळतंय, तुला कळंना.'"

अठरा वर्षं त्याला माहीत होतं. मी काही बोलायच्या आत त्यानेच विचारलं, "किती मिनिटं उरली होती?"

मी खरं सांगितलं. इम्युलेटरवर खेळलो होतो, दर दोन उड्यांनी सेव्ह करत. चुकलं की मागे जायचो.

"मागे जाऊन जाऊन खेळलास?" दादा म्हणाला. "मग कसला खेळलास."

हल्ली रात्री जेवण झालं की मी सेव्ह न करता खेळतो. काल आठव्या लेव्हलला उंदीर आला तेव्हा स्पेस दाबून पाहिलं. बावीस मिनिटं उरली होती. दादाला तेवढा आकडा मेसेज केला.